म्हातारा राघू कोठे जाईल?



रेवदंड्याजवळच्या एका गावातील नववीच्या विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचे उत्तर देताना शरीरशास्त्र, पक्ष्यांचे वर्तन, रोगजंतू आणि कायदा या सर्वांकडे जावे लागते. म्हणून ते उत्तर तिला एकटीला न देता तुम्हा सर्वांना देत आहे.

तिच्या घरी १९ वर्षांचा राघू आहे. म्हणजे वयाने तो तिचा थोरला भाऊच! आजोबांनी तो आणला तेव्हा ते झाडाच्या ढोलीतून काढलेले, अंगावर धड पिसेही नसलेले पिलू होते. आजोबांनी त्याला भिजवलेली डाळ वाटून, बोटाने भरवून वाढवले. सकाळी वाडीतले शिंपण आटोपून आजोबा पडवीत आले की पिंजऱ्यातून आजोबांच्याच आवाजात प्रश्न येई, "चहा झाला का?" गेल्या वर्षी आजोबा वारले. आता घरची मंडळी पनवेलला बिऱ्हाड हलवीत आहेत. राघू मात्र अजूनही रोज सकाळी आजोबांच्या आवाजात चहाची चौकशी करतो.

घरात चार माणसांची चार मते आहेत. आजी म्हणतात, "सोडून द्या त्याला. मुक्या जीवाला मोकळे केल्याचे पुण्य लागेल." काका म्हणतात, "माझ्या ओळखीचा एक जण घ्यायला तयार आहे." शेजारी म्हणतात, "एकटा पडलाय बिचारा, जोडीला दुसरा आणा, म्हणजे रमेल." आणि वडील म्हणतात, "राहू दे पनवेलच्या गॅलरीत. कोणाला सांगायची गरज नाही." मुलगी विचारते, "यांतले बरोबर कोणते?"

माझे उत्तर आहे, यांपैकी एकही नाही. हे उत्तर मी कसे काढले ते आता पाहा आणि पटले नाही तर वर्गात त्यावर खुशाल वाद घाला.

वयाचे गणित

आपल्याकडे घरोघर दिसणारा हिरवा, लाल चोचीचा पोपट म्हणजे सिटाक्युला क्रामेरी. याच्या नराच्या गळ्यात साधारण तिसऱ्या वर्षी काळा-गुलाबी कंठ उमटतो. याचे वजन सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम पेरूएवढे. एवढासा पक्षी, पण पिंजऱ्यात नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो, काही तर तिशीही गाठतात. मोठ्या जातीचे पोपट याहूनही दीर्घायुषी असतात. अमेरिकेत शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात 'कुकी' नावाचा एक ऑस्ट्रेलियन काकाकुवा होता. त्याचा जन्म १९३३ चा आणि मृत्यू २०१६ चा. वजाबाकी तुम्हीच करा.

आता हे गणित आपल्या घराला लावून पाहा. साठीला आलेल्या माणसाने पिलू आणले, तर ते म्हातारे होईपर्यंत तो माणूस असेलच असे नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी आणले, तर पोपट पंचविशीत पोचेल तेव्हा तो मुलगा एकतीस वर्षांचा असेल आणि बहुधा नोकरीसाठी मुंबईला, पुण्याला किंवा आणखी दूर गेलेला असेल. रायगडच्या किनाऱ्यावरच्या किती घरांत आज फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, ते तुम्ही पाहताच. म्हणजे म्हाताऱ्या राघूला नवे घर शोधण्याची वेळ ही काही अचानक आलेली आपत्ती नसते. पिलू आणले त्याच दिवशी ती ठरून गेलेली असते. फक्त हिशेब कोणी मांडलेला नसतो.

दार उघडले की झाले?

आजींचे मत प्रथम घेऊ, कारण त्यामागची भावना सर्वांत चांगली आहे आणि परिणाम सर्वांत वाईट.

तुमच्यापैकी एखाद्याचा हात मोडून प्लॅस्टरमध्ये राहिला असेल. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर काढले तेव्हा तो हात दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला दिसला असेल. न वापरलेला स्नायू झडतो. पक्ष्याच्या छातीच्या हाडावर, होडीच्या तळाला असतो तसा एक उभा कणा असतो. उड्डाणाचे भक्कम स्नायू त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले असतात. आपल्या राघूच्या या स्नायूंना सहा आठवडे नव्हे, १९ वर्षे काम नाही. त्यात आयुष्यभर सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे खाल्ले असतील तर अंगात चरबी साठलेली, यकृत बिघडलेले. असा पक्षी अंगणातून उडाला तर फार तर समोरच्या आंब्यापर्यंत जाईल. पुढे काय?

पुढे त्याला भूक लागेल. रानातला पोपट वड कधी पिकतो, उंबर कोठे आहे, पाणी कोठे मिळते हे आईबापांबरोबर आणि थव्याबरोबर हिंडून शिकतो. आपल्या राघूला अन्न वाटीत येते एवढेच ठाऊक. मग शत्रू. शिक्रा कसा झडप घालतो हे त्याने पाहिलेले नाही. घरचे मांजर आणि कुत्रे मात्र रोज पाहिलेले आहे, त्यामुळे त्यांची भीती मोडलेली आहे. राहता राहिला थवा. रानातल्या पोपटांच्या हाकांना हा काय उत्तर देणार? "चहा झाला का?"

आणखी एक धोका आहे आणि तो राघूला नसून रानातल्या पोपटांना आहे. 'क्लॅमिडिया सिटासी' नावाचा एक जिवाणू पोपटांच्या अंगात राहू शकतो. पक्षी वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत असतात. ही विष्ठा वाळून तिची धूळ श्वासातून गेली तर दुसऱ्या पक्ष्यांना आणि माणसालाही न्यूमोनियासारखा आजार होतो. त्याला सिटाकोसिस म्हणतात. पिंजऱ्यातला पक्षी न तपासता रानात सोडणे म्हणजे विहिरीच्या पाण्याची परीक्षा न करता ते गावाला पाजण्यासारखे आहे.

इथे तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील. "सर, लंडनमध्ये आपलेच पोपट पिंजऱ्यांतून सुटले आणि आज तिथे त्यांचे हजारोंचे थवे आहेत. मग आपला राघू आपल्याच देशात का जगणार नाही?"

प्रश्न उत्तम आहे आणि त्यातली माहितीही खरी आहे. १९७० च्या सुमारापासून इंग्लंडमध्ये ही जात मोकळी राहून पिले वाढवू लागली. पण नीट विचार करा. सुटलेल्या पक्ष्यांपैकी जे जगले ते आपल्याला दिसतात. जे पहिल्याच हिवाळ्यात, पहिल्याच आठवड्यात मेले त्यांची नोंद कोणी ठेवली? परीक्षेत पास झालेल्यांचीच यादी वाचली, तर परीक्षा सोपी होती असेच वाटणार. शिवाय त्या काळी परदेशी विकले जाणारे पोपट बहुतेक रानातून पकडलेले असत. ढोलीतून काढून बोटाने भरवलेल्या, १९ वर्षांच्या पक्ष्याशी त्यांची तुलना होत नाही. निष्कर्ष काढताना न दिसणारी उदाहरणे मोजायला विसरू नका. विज्ञानात ही चूक फार वेळा होते.

पोपटाचे घर म्हणजे काय?

आता काकांचे आणि शेजाऱ्यांचे मत. कोणाला तरी देऊन टाका किंवा जोडीला दुसरा आणा.

पोपट बोलतो कसा, हे तुम्हाला माहीत असेल. माणसाचा आवाज कंठातील स्वरयंत्रात निर्माण होतो. पक्ष्याचे स्वरयंत्र खाली, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असते. पण पोपट बोलतो का, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे आणि थव्यातल्या ओळखीच्या हाका त्याला शिकाव्या लागतात. व्हेनेझुएलातील छोट्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की घरट्यातल्या प्रत्येक पिलाला आईबापांकडून हाकेचा एक वेगळा नमुना मिळतो. जवळजवळ नावच म्हणा ना! पुढे पिलू त्यात थोडा बदल करून ती हाक आयुष्यभर वापरते.

आपल्या राघूला ना आईबाप मिळाले, ना थवा. त्याला थवा मिळाला तो आजोबा, आजी आणि ही मुलगी यांचा. म्हणून त्याने त्यांच्या हाका उचलल्या. "चहा झाला का?" याचा अर्थ त्याला कळतो असे मी म्हणणार नाही. पण हा आवाज काढला की एक ओळखीचे माणूस जवळ येते, हे तो १९ वर्षे अनुभवीत आला आहे. आता आवाज काढूनही ते माणूस येत नाही. अशा वेळी कित्येक पोपट खाणे कमी करतात, गप्प होतात, काही स्वतःचीच पिसे उपटू लागतात.

याचा अर्थ असा की पोपटाचे घर म्हणजे पिंजरा नव्हे, तर ओळखीची सोबत. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा तो जितक्या वेळा फिरेल, तितक्या वेळा त्याचा थवा मोडेल. काकांचा तो ओळखीचा माणूस चार दिवस हौस करील आणि मग? आणि जोडीचे म्हणाल, तर अनोळखी पक्ष्याशी म्हाताऱ्या राघूचे जमेलच असे नाही. चोची मारून रक्तबंबाळ करणारेही असतात. पण त्याहून वाईट म्हणजे ती जोड येणार कोठून? पुन्हा कोणीतरी झाडावर चढणार, ढोलीत हात घालणार आणि वयाचे गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होणार.

आजोबा गुन्हेगार होते का?

आता वडिलांचे मत. "कोणाला सांगायची गरज नाही." हे वाक्य घरात का उच्चारले गेले, ते मुलीच्या बरोबर लक्षात आले होते. तिने पत्राच्या शेवटी विचारले आहे, "पोपट पाळणे गुन्हा आहे असे आमच्या बाई म्हणाल्या. मग आमचे आजोबा गुन्हेगार होते का?"

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटांना संरक्षण आहे आणि १९९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. कंठवाला पोपट असो, डोके जांभळट-तांबूस असणारा तुई असो किंवा खांद्यावर लाल डाग असणारा मोठा करण पोपट असो, त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे, बाळगणे हे सारे कायद्याविरुद्ध आहे. म्हणून काकांनी तो कोणाला 'देऊन टाकणे' हाही मार्ग नव्हे आणि गॅलरीत लपवणे हाही नव्हे.

आजोबांविषयी मी इतकेच म्हणेन. त्यांचे प्रेम खरे होते आणि त्यांच्या हातून चूक झाली हेही खरे आहे. त्यांच्या लहानपणी ओटीवर राघूचा पिंजरा असणे ही घराची शोभा मानली जाई. तो समज त्यांना पिढीजात मिळाला. तुम्हाला मात्र आज जास्त माहिती आहे आणि ज्याला जास्त माहिती आहे त्याची जबाबदारीही जास्त.

म्हणून बरोबर मार्ग एकच. वनविभागाला कळवायचे आणि पक्षी त्यांच्या स्वाधीन करायचा. अलिबागला उपवनसंरक्षकांचे कार्यालय आहे, तालुक्याच्या ठिकाणी वनपरिक्षेत्र अधिकारी असतात आणि महाराष्ट्रभर १९२६ हा वनविभागाचा दूरध्वनी क्रमांक आहे. पशुवैद्य पक्षी तपासतात. काही दिवस वेगळा ठेवून रोग नाही ना, हे पाहतात. ज्याला उडता येण्याजोगे आहे, त्याला मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर ठेवून तयार करता येते. ज्याला ते शक्य नाही, अशा म्हाताऱ्याला जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, स्वजातीयांच्या सोबतीत उरलेले आयुष्य काढता येते.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे शेवटी जाळीतच ना? आणि आमची माणसे तर त्याला सोडूनच जाणार!" हो. हे मी लपवीत नाही. या मार्गातही राघूला दुःख आहे. त्याचे बालपण चुकीच्या जागी गेले, त्यामुळे त्याच्यासाठी पूर्ण चांगला मार्ग आता उरलेलाच नाही. उरलेल्या मार्गांपैकी सर्वांत कमी त्रासाचा निवडणे एवढेच आपल्या हाती आहे.

इथे मोठ्यांनाही एक सांगावेसे वाटते. चूक सुधारण्यासाठी आपण होऊन पक्षी घेऊन येणारा माणूस आणि ढोल्या लुटून पक्षी विकणारा माणूस यांना एकाच तराजूत तोलू नये. आपण होऊन आलेल्याला सन्मानाने पक्षी देता येईल, अशी सोय प्रत्येक तालुक्यात असावी आणि तिची माहिती शाळाशाळांतून लावावी. नाहीतर लोक भीतीपोटी रात्री गुपचूप पिंजऱ्याचे दार उघडतील आणि सकाळी मांजराचे पोट भरलेले असेल.

(तुमच्या घरी बजरीगार, लव्हबर्ड किंवा कॉकाटील असे परदेशी पक्षी असतील तर त्यांचा कायदा वेगळा आहे. अशा पक्ष्यांना विचार करून, पारखून दुसरे घर देता येते. मात्र आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जाती, उदाहरणार्थ आफ्रिकेतील करडा पोपट, कोणाकडे असतील तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला तरी कळवावे लागते. सोडून देणे मात्र यांच्याबाबतीतही चूकच.)

चिठ्ठी

वनविभागाची माणसे येईपर्यंत आणि राघू जाताना तुम्ही काय करू शकता? पुष्कळ.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर राघूचे वजन करा. १२० ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन १२ ग्रॅमनी घटले, तर ते एकदशांश झाले. तुमचे वजन ५० किलो असेल, तर ५ किलो घटल्यासारखे. पक्षी आजार लपवतो, काटा लपवीत नाही. नुसत्या बिया देऊ नका. त्यांत अ जीवनसत्त्व फार कमी. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, पेरू, मोड आलेले मूग द्या. मिरचीही चालते. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपल्या जिभेला आग लागते, ते पक्ष्यांच्या चेताग्रांना जाणवत नाही, म्हणून राघू ती मजेत खातो. म्हाताऱ्या पायांची पकड सैल होते, तेव्हा दांडी खाली घ्या आणि तिला सुती कापड गुंडाळा. कोवळे ऊन आणि रात्रीची १०-१२ तास शांत झोप द्या. पिंजरा साफ करताना विष्ठा आधी पाण्याने भिजवा, नाकाला रुमाल बांधा, नंतर हात साबणाने धुवा.

आणि एक चिठ्ठी लिहा. सात दिवस निरीक्षण करून लिहा. वय किती, काय खातो, काय टाकतो, कोणत्या वेळी झोपतो, कशाला घाबरतो, पूर्वी कोणता आजार झाला, कोणाच्या हातून घास घेतो आणि कोणते शब्द बोलतो. शेवटची ओळ विसरू नका. नव्या जागी पहिल्या सकाळी तो "चहा झाला का?" असे विचारील, तेव्हा तिथल्या माणसाला उत्तर माहीत असले पाहिजे. ओळखीची दांडी, ओळखीची वाटी त्याच्याबरोबर द्या. शास्त्रीय नोंद म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगला धडा शिक्षकांनाही सापडणार नाही.

रिकामा पिंजरा

पोपट हवाच असेल, तर तो कोठे पाहावा? रायगडच्या मुलांना हे सांगायला नको. तुमच्याच किनाऱ्यावर किहीमला सालिम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. सुगरण नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी तिथे तासन्‌तास बसून नोंदले. त्यासाठी त्यांना सुगरण पिंजऱ्यात घालावी लागली नाही.

पोपटाला स्वतः घरटे विणता येत नाही. सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली जुनी भोके, वठलेल्या झाडांच्या ढोल्या यांवर त्याची भिस्त. त्याच जागांवर साळुंक्या आणि पिंगळेही टपलेले असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जुनी झाडे आडवी झाली. त्या झाडांबरोबर ढोल्याही गेल्या. तेव्हा तुमच्या वाडीत शेंडा मोडलेला एखादा माड उभा असेल, पडून कोणाला इजा होण्यासारखा नसेल आणि त्याच्या खोडात भोक असेल, तर तो तोडू नका म्हणून घरी सांगा. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत दुरून त्याच्यावर नजर ठेवा. ढोलीत किती अंडी आहेत हे पाहायला मात्र वर चढू नका.

त्या मुलीला मी जे कळवले ते शेवटी तुम्हालाही सांगतो. राघूला नव्या जागी पोचवताना तू स्वतः बरोबर जा. तो तुझ्या ओळखीचा आहे, त्याला तेवढाच धीर. पिंजरा काही दिवस त्याच्याजवळ राहू दे. मग तो परत मिळाला, तर कोणाला देऊ नकोस आणि माळ्यावरही ठेवू नकोस. घरात रिकामा पिंजरा असला की कोणाला तरी त्यात पिलू आणून ठेवावेसे वाटते. तो मोडीत घाल.